सासरेबुवांची तीनचाकी

माझे सासरे बस चालवायचे. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत तोच मार्ग, तेच वेळापत्रक आणि तोच हट्ट, की बस थांबेल ती थांब्यावरच. थांब्याच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. कुणी हात करो, शिट्टी मारो, चपला हातात घेऊन धावत येवो, हे आपले समोर बघत स्टिअरिंग धरून बसलेले. त्या मार्गावरच्या उतारूंनी त्यांचं नावच 'थांबा' ठेवलं होतं. "आज थांबा आहे का रे गाडीवर?" असं लोक विचारायचे आणि हो म्हटलं की पावलं भराभर उचलायचे.

एकदा सासूबाई दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन थांब्याच्या जरा अलीकडे उभ्या होत्या. नवऱ्याची बस येताना दिसली म्हणून त्यांनी पिशवीसकट हात वर केला. सासऱ्यांनी मान हलवून ओळख दिली आणि बस पुढे नेली. त्यानंतर दोन दिवस घरात बिनमिठाचं जेवण झालं. सासऱ्यांनी ते मुकाट्याने खाल्लं, पण आपलं चुकलं असं काही म्हणाले नाहीत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरच्यांचे काय हाल झाले असतील ते सांगायला नको. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. सासूबाई पुढच्या खोलीत शिवणकाम करतात. मशीन खिडकीजवळ, आणि सासरे निवृत्त झाल्या दिवसापासून त्याच खिडकीत. समोरून बस गेली की घड्याळात बघायचं आणि "उशीर" असं जाहीर करायचं. बस नसली की सासूबाईंच्या पायाकडे बघायचं.

"अगं, वळणावर एवढ्या जोरात का पळवतेस मशीन? आधी वेग कमी कर, मग वळव."

"अहो, ही कॉलर आहे. घाट नाही!"

रोज दुपारपर्यंत हे असं चालायचं. मग सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "ह्यांना काहीतरी काम बघा हो. नाहीतर एक दिवस मी ह्यांनाच मशीनखाली घालीन."

मी पियानो आणि पेट्या दुरुस्त करतो. माझ्याकडे त्यांना देण्यासारखं काय काम असणार? एकदा सोबत नेलं होतं, तर एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला त्यांनी, पियानोला चाकं आहेत पण ब्रेक नाही, यावरून चांगलंच सुनावलं. त्यानंतर मी त्या भानगडीत पडलो नाही.

काम शेवटी आमच्या मुलीनेच दिलं.

मुलगी जन्मली तेव्हा तिचा पहिला टाहो ऐकून सासरे म्हणाले, "हा तर भोंगा!" तेच नाव पडलं. तिचं खरं नाव कागदोपत्री आहे, घरात कुणी वापरत नाही. भोंगा गुटगुटीत होती, हसरी होती, तिची भानगड एकच: बाटली तोंडाला लावू द्यायची नाही. आईचं दूध बाटलीत काढून द्या, कोमट करा, वेगवेगळी निपलं आणून बघा, भोंगा ओठ घट्ट मिटायची आणि मग असा सूर लावायची की वरच्या मजल्यावरची माणसं खाली यायची.

माझी बायको बाटल्यांच्या कारखान्यात काम करते. काचेच्या बाटल्या पट्ट्यावरून पुढे सरकत येतात, मागे दिवा असतो, आणि तडा गेलेली, बुडबुडा राहिलेली बाटली हेरून उचलायची. घरात बाटलीने असा सूड उगवलेला, आणि रजा संपत आलेली. एका सकाळी ती भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "मी नोकरीच सोडते."

सासरे खिडकीतून वळले. "तुझी जेवणाची सुट्टी किती वाजता?"

"बाराला. का?"

"बाराला भोंगा फाटकाशी आणून हजर करतो. तू दूध पाज, मी परत घेऊन येतो. रोजची फेरी."

"अहो बाबा, बस बारानंतर पोचते, आणि चालायचं तर कारखाना चढावर आहे. कालव्याची वाट केवढी खराब! रोज कसं जमेल?"

"मी आयुष्यभर दुसरं काय केलंय?" सासरे म्हणाले.

आमच्या घरी एक बाबागाडी होतीच. माझ्या बहिणीने भाचीसाठी हौसेने दिलेली. चार नाजूक चाकं, वरती झालरीची छत्री, पांढरंशुभ्र अंग. दिवाणखान्यात ती फार शोभायची. सासऱ्यांनी तिच्या चाकांना पायाच्या अंगठ्याने ठोकून बघितलं, रोज डेपोतून निघताना बसच्या चाकांना ठोकायचे तसंच, आणि "हं" एवढंच म्हणाले. भोंगाच्या आत्याच्या मानाखातर त्यांनी आधी हीच गाडी न्यायचं ठरवलं.

पहिल्या सरावाच्या दिवशी मीही बरोबर होतो. फरशीच्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी गेली. कालव्याच्या वाटेला लागलो आणि खडी सुरू झाली. पुढची दोन चाकं, एक इकडे बघतंय, एक तिकडे. नवरा-बायको भांडून तोंडं फिरवतात तशी. भोंगाचे गाल थडथड हलायला लागले. तिला ते आधी फार गमतीचं वाटलं, मग वाटेनासं झालं. तेवढ्यात एक चाक खडीत रुतलं आणि गाडीने पुढे नाक टेकलं. पट्टा बांधलेला होता म्हणून भोंगा जागची हलली नाही, पण झालरीची छत्री मात्र उडून कालव्यात पडली आणि बदकासारखी डुलत चालती झाली.

सासऱ्यांनी भोंगाला खांद्यावर घेतलं. मी गाडी फरफटत घरी आणली.

"तुमच्या बहिणीला सांगा, गाडी सुंदर आहे," सासरे मला म्हणाले. "पण ही मिरवायला आहे, चालवायला नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची मोहीम सुरू झाली. सासूबाईंची शिवणाची टेप गळ्यात अडकवून ते एकटेच त्या वाटेने जाऊन आले. आमचा दरवाजा मोजला, जिन्याखालची जागा मोजली. सायकलींनी शिरू नये म्हणून कालव्याच्या तोंडाशी दोन खांब रोवलेत, त्यांच्यातली फट मोजली. सासूबाई तेवढा वेळ टेपविना हात बांधून बसल्या आणि एका गिऱ्हाइकाचा शर्ट अंदाजाने बेतला. तो लांब झाला. त्याचा ठपका अजूनही सासऱ्यांवरच आहे.

मग आम्ही तिघं, म्हणजे मी, सासरे आणि बटाट्याची एक जड पिशवी, दुकानात गेलो. पिशवी कशाला, ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पहिल्या दुकानातल्या माणसाने खुर्चीवरून न उठता गाडीचे रंग सांगायला सुरुवात केली, तेव्हा सासरे तसेच मागे फिरले. दुसरं दुकान एका बाईंचं होतं. त्यांना स्वतःला जुळी झालेली होती, आणि सगळ्या गाड्या त्यांनी कधी ना कधी स्वतः ढकलून पाहिल्या होत्या.

"बाळ कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"घरी झोपलंय. त्याच्या बदली हे," असं म्हणत सासऱ्यांनी बटाट्याची पिशवी एका तीनचाकी बाबागाडीत ठेवली आणि पट्टे बांधायला घेतले. खांद्यावरचे दोन, कमरेचे दोन, पायांमधून येणारा एक. पिशवीला खांदे नसल्यामुळे जरा पंचाईत झाली, पण त्यांनी गाठ मारून भागवलं. दुकानात आलेलं एक जोडपं हळूच मागे सरकलं.

"तीनच चाकं का घ्यायची?" मी विचारलं. "चार असली तर जास्त भक्कम नाही का?"

बाईंनी मला फार समजूतदारपणे उत्तर दिलं. पुढे एकच मोठं चाक असलं की ते खळगा सहज ओलांडतं, दोन चाकांची ओढाताण होत नाही आणि एका हातानेही गाडी वळते. मात्र मागची दोन चाकं एकमेकांपासून चांगली लांब हवीत, नाहीतर झटक्यात वळवताना गाडी बाजूला कलंडते. "म्हणून वळणावर घाई नाही करायची," बाई म्हणाल्या.

"वळणाआधी वेग कमी करायचा," सासरे म्हणाले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की हे घरी जाऊन सासूबाईंना सांगा.

त्यानंतर त्या दोघांचं जे जमलं! हवेची चाकं की भरीव? हवेची मऊ चालतात, धक्का कमी बसतो, पण पंक्चर होतात. भरीव पंक्चर होत नाहीत, पण खडीवर हाडं खिळखिळी करतात. सासरे म्हणाले, "हवेची. पंक्चरला मी घाबरत नाही." पुढचं चाक मोकळं ठेवलं की बाजारातल्या गर्दीत हवं तिकडे फिरतं, आणि एक खिट्टी लावली की सरळ रेषेत पक्कं होतं. खडीवर आणि उतारावर ते पक्कंच ठेवायचं, असं बाईंनी दोनदा सांगितलं. हँडलला मनगटात अडकवायची दोरी होती. ब्रेक पायाने लागायचा. सीटची पाठ पार आडवी होत होती, कारण भोंगा अजून नीट बसत नव्हती.

"आणि काका, बाळ आधाराशिवाय नीट बसायला लागेपर्यंत गाडी घेऊन पळायचं नाही हं. मानेला हिसका बसतो."

"मी पळत नाही," सासरे म्हणाले. "मी वेळेवर निघतो."

मग ते पिशवीसकट गाडी घेऊन दुकानाबाहेर पडले. पायरी चढले, उतरले. उतारावर ब्रेक लावून हात सोडले आणि गुडघ्यांवर बसून चाकांकडे बघत राहिले. येणारे-जाणारे थांबून गाडीत डोकावायचे, बाळाऐवजी बटाटे बघायचे आणि भराभर पुढे जायचे. पहिली गाडी उजवीकडे ओढत होती. दुसरी आमच्या दरवाज्यातून गेली नसती. तिसरी त्यांनी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली. परत आले तेव्हा चेहरा असा होता, की नव्या कोऱ्या बसची किल्ली हाती पडलीय.

गडद निळी होती. दिसायला काही खास नाही. भोंगाला मात्र ती लगेच पटली, कारण सासऱ्यांनी तिला आत ठेवून घराच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेलं आणि प्रत्येक दारापाशी "चला, उतरणारे उतरा!" अशी आरोळी दिली.

गाडी आली आणि घरात निगराणीचं खातं उघडलं. दर रविवारी जिन्याखाली वर्तमानपत्र पसरून सासरे चाकं काढायचे. एक खटका दाबला की चाक सुटतं, ते फडक्याने पुसायचं, आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे चिमट्याने ओढून काढायचे. टायरवर किती हवा भरायची ते छापलेलं असतं, त्याहून जास्त भरायची नाही. स्क्रू घट्ट आहेत का, ब्रेकची तार सैल पडलीय का, पट्ट्याची कडी अर्धवट तर लागत नाही ना, सगळं बघायचं. पावसातून आलं तर छप्पर उघडंच ठेवून सावलीत वाळवायचं, ओली गाडी मिटून ठेवली तर कापडाला बुरशी येते. हँडलला पिशवी लटकवायची बंदी होती, कारण बाळाला उचललं की मागच्या वजनाने गाडी उताणी होते. मी एकदा नकळत छत्री अडकवली, तर म्हणाले, "जावईबापू, ही खुंटी नाही."

पण एवढा हुशार माणूसही एका जागी घसरला. पुढचं चाक जरा कुरकुर करायला लागलं, तेव्हा त्यांनी सासूबाईंच्या मशीनचं तेल गुपचूप उचललं आणि चाकात भरपूर ओतलं. एक दिवस गाडी अगदी गप्प. मग त्या तेलाने कालव्याकाठची सगळी धूळ आणि वाळू धरून ठेवली आणि चाक असं ओरडायला लागलं, की भोंगा स्वतःचं रडणं थांबवून ऐकत बसायची. सासरे दुकानदार बाईंकडे गेले. बाईंनी साबणाच्या पाण्याने सगळं धुऊन काढलं आणि धूळ न धरणारा कोरडा फवारा दिला.

"कोणतं तेल घातलं होतं?" बाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी फवाऱ्याची किंमत विचारली. घरी सासूबाई मात्र बाटली उजेडात धरून बघत होत्या. "अर्धी होती ही. मशीनने प्यायली म्हणायची का?"

"असेल," सासरे म्हणाले.

त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी संध्याकाळभर शर्टांना गुंड्या लावून दिल्या. सासूबाईंचा राग तिथेच विरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन गाडीला पावसाचं आवरण शिवायला घेतलं. बाजूला हवेला जाळी ठेवली, समोर आरपार दिसणारं प्लास्टिक. भोंगा त्यात मत्स्यालयातल्या माशासारखी दिसायची.

आणि फेरी सुरू झाली. साडेअकराच्या आत गाडी दारातून बाहेर. बाजारात चाक मोकळं, खांबांपाशी आलं की खिट्टी लावून पक्कं, कालव्याची वाट, मग चढ, आणि बाराचा भोंगा व्हायच्या आत कारखान्याचं फाटक. आमच्या भोंगालाही ते कळायला लागलं होतं. चढ संपत आला की ती हातपाय झाडायची.

फाटकावरचा पहारेकरी मोठा आडमुठा होता. बाहेरच्याला आत सोडायचं नाही, हा त्याचा नियम. पहिल्या दिवशी माझी बायको फाटकाबाहेर दगडावर बसून, ओढणी आडवी धरून मुलीला पाजत होती. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. पहारेकऱ्याने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, मग आपल्या टपरीतून स्टूल बाहेर आणलं आणि स्वतः त्यावर उन्हात बसला. "आत बसा ताई," तो म्हणाला. "टपरी फाटकाच्या रेषेवर आहे. आत पण नाही, बाहेर पण नाही."

असा नियम सांभाळणारा माणूस सासऱ्यांना न आवडता तर नवल. दोघांची गट्टी जमली.

बायको मला संध्याकाळी त्या अर्ध्या तासाच्या गोष्टी सांगायची. आधी भोंगाच्या, मग हळूहळू वडिलांच्या. ती लहान असताना ते पहाटे निघायचे आणि ती झोपल्यावर यायचे. सुट्टीच्या दिवशी ते घरी असायचे, तेव्हा ती मैत्रिणींकडे असायची. एकमेकांशी बोलायची सवयच लागली नव्हती. आता टपरीत ती मुलीला पाजत असायची, एका हाताने डबा खात असायची, आणि दाराशी पाठमोरे बसून सासरे बोलत असायचे. बस पहिल्यांदा एकट्याने चालवली तेव्हा ती डेपोच्या दारातच कशी बंद पडली होती. त्यांच्या आईला शेवटी दिसत नव्हतं, तरी ती त्यांच्या पावलांवरून दिवस कसा गेला ते कसं ओळखायची. "मला हे काहीच माहीत नव्हतं," बायको म्हणाली. "एकदा मी विचारलं, बाबा, हे आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तू विचारलं नाहीस आणि मी स्टिअरिंगवर होतो."

भोंगा टेकू न देता बसायला लागली, सीटची पाठ सरळ झाली, आणि ती आता गाडीतून जगाची पाहणी करत जायची. अशाच एका दिवशी ती घटना घडली. मी तिथे नव्हतो, पण त्यानंतर ती इतक्या जणांनी मला सांगितली, की आता मी होतोच असं वाटतं.

कालव्याची वाट संपून मोठा रस्ता लागतो, तिथे फुटलेल्या बाटलीची काच पडली होती. पुढच्या चाकात ती घुसली आणि हवा फुस्स. पंप घरी जिन्याखाली होता. अजून अख्खा चढ बाकी, भूक लागायची वेळ झालेली. सासऱ्यांनी हँडल खाली दाबलं, पुढचं चाक हवेत उचललं आणि मागच्या दोन चाकांवर गाडी चालवायला लागले. भोंगाला आकाश दिसायला लागलं. तिला ते पसंत पडलं नाही, आणि तिने सूर लावला.

मागून बस आली. त्यांचीच, त्यांच्या मार्गावरची. चालवणारी मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली होती. थांबा अजून बराच पुढे होता. सासरे रस्त्याच्या कडेला उभे, हातात दोन चाकांवरची गाडी, गाडीत आकांत. बसमधल्या लोकांनी खिडक्यांतून पाहिलं. "अहो, तो थांबा! थांबा उभा आहे रस्त्यात!"

सासऱ्यांनी हात वर केला नाही. काही केल्या केला नाही.

बसही थांबली नाही. शेजारून पुढे गेली, सरळ थांब्यावर जाऊन उभी राहिली, आणि दारं उघडी ठेवून तशीच उभी राहिली. कुणी चढत नव्हतं, कुणी उतरत नव्हतं. ड्रायव्हर मुलगी आरशात बघत होती. मग सासऱ्यांना कळलं. आणि 'मी पळत नाही' म्हणणारा तो माणूस, मनगटात दोरी अडकवून, पुढचं चाक हवेत धरून, धापा टाकत धावत सुटला. खिडक्यांतून लोक ओरडत होते, "या काका, या! अजून थोडं!"

दोघा उतारूंनी मिळून गाडी वर घेतली. सासऱ्यांनी पायाने ब्रेक लावला आणि दम खात म्हणाले, "बरोबर केलंस."

"मधे थांबले असते तर तुम्ही चढला असता का?" मुलीने विचारलं.

"नसतो चढलो."

बस निघाली. भोंगा आता पूर्ण भरात आली होती. एका आजींनी किल्ल्या वाजवून दाखवल्या, एका कारकुनाने स्वतःचा चष्मा नाकावर उलटा लावला, मागच्या बाकावरच्या दोघी गाणं म्हणायला लागल्या. काही उपयोग नाही. आणि त्यात ती ड्रायव्हर मुलगी, गुरूची शिष्या, प्रत्येक थांब्यावर शिस्तीत थांबत होती. दारं उघडायची. वाट बघायची. दारं लावायची. पहिला थांबा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. बस थांबली, दारं उघडली, वारा आत आला. भोंगाने श्वास घेतला आणि असा टाहो फोडला, की सासरे ताडकन उभे राहिले.

"अगं, ने ना पुढे! कोण चढतंय इथे? कशाला थांबलीस?"

बसमधल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग आधी किल्ल्यांच्या आजी हसल्या, आणि मग सगळी बस. एक जण तर बाकावरून घसरला. ड्रायव्हर मुलीने मागे वळून विचारलं, "काका, हे तुम्ही बोललात?"

सासरे कानापर्यंत लाल झाले. "चूक झाली," ते म्हणाले. "दारं लाव आणि चल."

कारखान्याचा थांबा फाटकासमोरच. पोचायला बराच उशीर झाला होता. माझी बायको रडवेली होऊन रस्त्यात उभी, पहारेकरी टाचा उंचावून बघतोय, आणि बसमधून अख्खी जनता बाबागाडी उतरवतेय. सुट्टी संपत आली होती, पण मुकादमीण बाई स्वतः बाहेर आल्या. आवाज आतपर्यंत ऐकू गेला होता, भट्टीच्या घरघरीतूनसुद्धा. "आधी पोरीचं पोट भरू दे," त्या म्हणाल्या. "पट्ट्यावर मी उभी राहते." मग त्यांनी टपरीत डोकावून पाहिलं. पहारेकऱ्याची काठी, कंदील, बूट, आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली आमची माणसं. 

पुढच्या आठवड्यात फाटकाच्या आतली पुठ्ठ्यांची कोठडी रिकामी झाली. भिंतींना रंग लागला, दोन खुर्च्या आल्या, दाराला आतून कडी आली. पॅकिंगमध्ये दोघी गरोदर होत्या, त्या येऊन खुर्च्यांवर बसून बघून गेल्या. पहारेकऱ्याने आपण होऊन तिथे एक कुंडी ठेवली.

घरी मात्र सासऱ्यांची सुटका नव्हती. बसमधली बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. सासूबाई मशीनवर बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऐकलं हो. थांब्यावर थांबलेल्या बसला तुम्ही ओरडलात म्हणे."

"नात भुकेली होती."

"आणि माझ्या हातात भाजी होती, तेव्हा?"

सासरे मशीनपाशी आले. मग म्हणाले, "पिशव्या जड होत्या का गं?"

"होत्या," सासूबाई म्हणाल्या, आणि मशीन थांबवून हसायला लागल्या.

चाकाची ट्यूब बदलून झाली. पंप आणि ठिगळाची डबी आता सीटखालच्या पिशवीत कायमची आली. ऋतू बदलले. भोंगा वाडग्यातलं खायला लागली, मऊ भात, उकडलेला भोपळा, केळं. दुपारचं दूध हळूहळू आपोआप सुटलं. एके दिवशी बायको जेवताना म्हणाली, "बाबा, उद्यापासून नाही आणलंत तरी चालेल. बिचारीला उन्हात कशाला?"

"बरं," सासरे म्हणाले.

त्यांनी लगेच बरं म्हटल्यामुळे आम्ही सगळेच घाबरलो. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. आता पुन्हा ती खिडकी आणि ते "उशीर", असं दोघांच्याही मनात आलं. पॅकिंगमधल्या एकीला मुलगा झाला होता, तिला गाडी द्यायची असंही त्या रात्री ठरलं. सासऱ्यांनीच सुचवलं. "गाडी जिन्याखाली उभी राहिली की बिघडते," म्हणाले. तिच्या सासूला त्यांनी सकाळभर जिन्याखाली बसवून सगळं समजावलं, खटका, खिट्टी, हवा, पट्टे. "आणि तेल अजिबात नाही," असं बजावताना त्यांनी आवाज खाली घेतला. गाडी गेली. जिन्याखाली वर्तमानपत्र तेवढं उरलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून गेले आणि सासरे स्वयंपाकघरात खुडबुड करताना दिसले. डबा भरत होते. भोंगा त्यांच्या पायाशी पायताणं घालून तयार बसली होती. दोघं बसने गेले.

फाटकापाशी बायको बाहेर आली आणि वडिलांना बघून चकित झाली. "बाबा, आज कशाला? दूध तर सुटलं ना तिचं?"

"सुटलं," सासरे म्हणाले. त्यांनी कोठडीचं दार उघडलं, एका खुर्चीवर भोंगाला बसवलं, दुसरी लेकीकडे सरकवली, आणि स्वतः जमिनीवर बसून डबा उघडला. "मी जेवायला आलोय. बस. परवा तू कुणाचं तरी सांगत होतीस, अर्धवट राहिलं. मग पुढे काय झालं?"